वाळपईचा स्विच गप्प का झाला? दूरच्या शाखा आणि व्हीएम होस्टवर नजर ठेवण्याची रीत

जून महिन्यातली रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. वाळपईच्या शाखेतला स्विच (तिथली यंत्रं एकमेकांना जोडणारी नेटवर्कची पेटी) पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तर देईनासा होतो आणि पणजीतल्या मुख्य कार्यालयातल्या पडद्यावर लाल ओळ उमटते: ‘स्विच बंद’. ही ओळ वाचून रात्रपाळीच्या माणसाने करायचं काय? सत्तरीत, म्हणजे वाळपईच्या तालुक्यात, वीज गेली असेल. वीज कधीचीच गेली असेल आणि आता यूपीएसची बॅटरी संपली असेल. झाड पडून फायबर तुटली असेल. राउटर अडकला असेल, किंवा स्विच खरोखरच जळाला असेल. कारणं पाच, पण पडद्यावर ओळ एकच. आणि प्रत्येक कारणाला धावपळ वेगळी: कुठे वीज खात्याला फोन, कुठे इंटरनेटवाल्याला, कुठे नवा स्विच गाडीत टाकून वाळपईची वाट.

मॉनिटरिंग बसवायचं ते ही कारणं घरबसल्या वेगळी ओळखता यावीत म्हणून. यंत्र बंद पडलं एवढं सांगणं सोपं आहे, ते तर शाखेतला कारकून सकाळी फोन करूनही सांगतो.

उदाहरणादाखल एक पतसंस्था धरू. मुख्य कार्यालय पणजीत, शाखा वाळपई, पेडणे, काणकोण, दिवाडी अशा दहा ठिकाणी. प्रत्येक शाखेत एक राउटर, २४ पोर्टचा स्विच, यूपीएस, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि चार-पाच संगणक. पणजीत दोन व्हीएम होस्ट (एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारे सर्व्हर), त्यांच्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर, फाइल सर्व्हर, डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी सेवा) वगैरे मिळून वीसेक व्हीएम. मॉनिटरिंगचं साधन म्हणून झॅबिक्स घेतलं आहे, कारण ते फुकट आणि मुक्त-स्रोत आहे, दूरच्या शाखांसाठी प्रॉक्सीची (शाखेतच बसून आकडे गोळा करणाऱ्या मदतनिसाची) सोय त्यात मुळातच आहे आणि व्हीएम होस्टचे तयार साचेही (काय मोजायचं, कधी ओरडायचं याच्या आयत्या याद्या) सोबत येतात. दुसरं साधन वापरत असाल तर नावं बदलतील, पण अडचणी याच येतील.

आधी पत्ते, मग बोगदा

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक पहिल्याच दिवशी होते. प्रत्येक शाखेत राउटर पेटीतून काढला तसाच लावलेला असतो, म्हणून दहाही शाखांत १९२.१६८.१ हीच मालिका असते. मग पणजीहून १९२.१६८.१.२ ला पिंग करायचा तर कुठल्या शाखेच्या? बोगदा (शाखा आणि पणजी यांना इंटरनेटवरून जोडणारी खासगी, बंदिस्त वाट) बांधण्याआधी पत्ते बदला: वाळपईला १०.२०.१, पेडण्याला १०.२०.२, काणकोणला १०.२०.३, या क्रमाने. शाखेच्या आतही क्रम ठरवून टाका. राउटर नेहमी .१, स्विच .२, यूपीएस .५, प्रॉक्सी .१०. रात्री दोन वाजता १०.२०.३.५ दिसलं की काणकोणचा यूपीएस हे डोळे चोळतच कळायला हवं.

शाखांना बहुतेकदा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला, तर इंटरनेटवाल्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे असं समजा. अशा शाखेत बाहेरून आत शिरता येत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग करूनही उपयोग नाही. म्हणून बोगदा शाखेकडून पणजीकडे बांधायचा. स्थिर पत्ता फक्त पणजीच्या लाइनला घेतला की पुरतं.

बोगदा बांधायला वायरगार्ड हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पणजीत यूडीपी ५१८२० हा एकच पोर्ट (स्विचचा नव्हे, फायरवॉलमधलं क्रमांकाचं दार) उघडा आणि शाखेच्या बाजूला कीपअलाइव्ह, म्हणजे बोगदा जागा ठेवणारी हाक, २५ सेकंद ठेवा. तो विसरलात तर शाखा काही बोलत नसताना मधल्या यंत्रणेतली नोंद पुसली जाते आणि पणजीहून शाखेकडे काही पोचत नाही. मग शाखेतल्या कोणी संगणक चालू केला की बोगदा जिवंत होतो आणि सगळे बुचकळ्यात पडतात. वायरगार्डचा शेवटचा हँडशेक (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख पुन्हा पटवणं) किती सेकंदांपूर्वी झाला हा आकडाही मॉनिटरिंगमध्ये घ्या. चालू बोगद्यात तो दर दोन मिनिटांनी नवा होतो, १८० सेकंदांपलीकडे गेला की बोगदा तुटला.

पिंग जातो पण एसएनएमपीची (यंत्रांना त्यांचे आकडे विचारण्याच्या ठरलेल्या भाषेची) लांबलचक उत्तरं अर्ध्यात अडकतात, असं दिसलं तर पाकिटाच्या आकाराकडे पाहा. वायरगार्डमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, सहसा १४२० असतो. काही मोबाइल लाइनवर तो मोठा पडतो. १२८० ठेवून बघा.

शाखेत एक प्रॉक्सी हवाच

पणजीत बसून दहाही शाखांतली यंत्रं थेट विचारता येतात, पण तसं करू नये. लाइन तुटली की त्या शाखेचं सगळंच लाल होतं आणि तुटलेल्या काळात शाखेत काय घडलं याची नोंदच राहत नाही. शाखेत झॅबिक्स प्रॉक्सी ठेवला, की तो तिथल्या तिथे राउटर, स्विच, यूपीएस यांना विचारत राहतो, आकडे स्वतःकडे साठवतो आणि लाइन आली की पणजीला पाठवतो. यातून हवं ते आपोआप मिळतं. प्रॉक्सी बोलतो आहे आणि स्विच गप्प आहे, तर दोष स्विचचा. प्रॉक्सीच गप्प आहे, तर दोष लाइनचा किंवा विजेचा.

यासाठी लहान आकाराचा जुना संगणकही चालतो. २ जीबी मेमरी आणि छोटी एसएसडी असली की झालं. मेमरी कार्डवर चालणारं बोर्ड वापरू नका, प्रॉक्सी सतत लिहीत असतो आणि कार्ड त्या लिहिण्याने झिजतं. डेटाबेस एसक्यूलाइटचा पुरतो. प्रॉक्सी ॲक्टिव्ह पद्धतीने चालवा, म्हणजे तोच पणजीच्या सर्व्हरला १००५१ या टीसीपी पोर्टवर गाठेल आणि शाखेत बाहेरून काहीच उघडावं लागणार नाही.

बसवताना तीन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, प्रॉक्सीच्या फाइलमधलं होस्टनेम आणि सर्व्हरवर नोंदलेलं नाव अक्षरन्‌अक्षर एकच हवं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. दुसरं, पिंगच्या चाचण्या झॅबिक्स स्वतः करत नाही, एफपिंग नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडून करवून घेतो. प्रॉक्सीच्या संगणकावर तो नसेल तर सगळे पिंग नापास. तिसरं, लाइन तुटलेली असताना साठवण्याची मुदत मुळात १ तासच असते. पावसाळ्यात सत्तरीत फायबर तासाभरात जोडली जाईल या भरवशावर राहू नका. ‘प्रॉक्सी ऑफलाइन बफर’ हा आकडा ७२ करा. तो तासांत असतो आणि ७२० पर्यंत जातो.

प्रॉक्सी आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं सामायिक गुपित किल्ली देऊन बंदिस्त करा. किल्ली ३२ बाइटची, यादृच्छिक, प्रत्येक शाखेची वेगळी. किल्लीसोबत जी ओळख द्यावी लागते ती मात्र तारेवरून उघडी जाते, तिच्यात काही गुपित लिहू नका.

एक गोष्ट माहीत नसली तर फसायला होतं. ‘पाच मिनिटं आकडा आला नाही तर ओरड’ असा नियम लावलेला असतो. पण प्रॉक्सीच गायब झाला की झॅबिक्स असे नियम मुद्दाम गप्प ठेवतो, उगीच शंभर अलर्ट नकोत म्हणून. ही चांगलीच सोय आहे. पण मग प्रॉक्सी शेवटचा कधी बोलला यावर वेगळा नियम लावावाच लागतो, नाहीतर आख्खी शाखा गेली तरी पडदा हिरवाच. तीन मिनिटं बोलला नाही की अलर्ट, एवढं पुरे.

एसएनएमपी: पोर्ट १६१ आणि त्याच्या खोड्या

राउटर, स्विच, यूपीएस यांच्याकडून आकडे मिळतात ते एसएनएमपीने. विचारणा यूडीपी १६१ वर जाते आणि यंत्र आपणहून पाठवतं ते ट्रॅप १६२ वर येतात. ट्रॅपवर विसंबू नका. यूडीपीचं पाकीट वाटेत हरवलं तर कोणालाच कळत नाही आणि वीज जाण्याच्या क्षणी पाठवलेला ट्रॅप हरवण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आवृत्ती तिसरी घ्या, ओळख पटवणं आणि गुप्तता दोन्ही चालू ठेवून, एसएचए आणि एईएससह. दुसऱ्या आवृत्तीत कम्युनिटी नावाचा संकेतशब्द उघडाच जातो. जुन्या यंत्रात दुसरीच असेल तर निदान ‘पब्लिक’ हा शब्द बदला आणि फक्त प्रॉक्सीच्या पत्त्यालाच उत्तर मिळेल असं बांधून ठेवा. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राला इंजिन-आयडी असतो आणि तो एकमेव लागतो. एका लिनक्स व्हीएमची नक्कल करून चार बनवल्या की चौघींचा इंजिन-आयडी एकच होतो. मग कधी एकीचं उत्तर येतं, कधी दुसरीचं तुटतं, आणि चौघींपैकी कुठलीही एकटी तपासली तर ठणठणीत निघते.

डेबियन किंवा उबुंटूवर एसएनएमपीची सेवा बसवली की ती फक्त स्वतःच्याच यंत्राला उत्तर देते, बाहेरच्याला नाही. ऐकण्याचा पत्ता बदलला की नाव-गाव येऊ लागतं, पण इंटरफेस, डिस्क काहीच दिसत नाही, कारण मूळ फाइलमध्ये दाखवण्याची हद्द फक्त यंत्राच्या प्राथमिक माहितीपुरती आखलेली असते. ती हद्दही वाढवावी लागते. इथे भले भले तासभर फायरवॉल तपासत बसतात.

आता वाहतुकीचे आकडे. पोर्टमधून किती बाइट गेले हे मोजणारा जुना मोजक ३२ बिटांचा आहे. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन भरून वाहत असेल तर सेकंदाला १ कोटी २५ लाख बाइट, म्हणजे साधारण ३४४ सेकंदांत एक फेरी. १ जीबीपीएसवर तीच फेरी ३४ सेकंदांत. पाच मिनिटांनी एकदा विचारलं तर गिगाबिट पोर्टचा मोजक मधल्यामध्ये आठ-नऊ फेऱ्या मारून आलेला असतो आणि आलेख भरलेली लाइन रिकामी दाखवतो. म्हणून ६४ बिटांचे मोजक घ्या. ते पहिल्या आवृत्तीत मिळतच नाहीत, निदान दुसरी लागते.

यंत्र रीस्टार्ट झालं की काही स्विचमध्ये पोर्टचे अंतर्गत क्रमांक बदलतात. काल जो आलेख फायबरचा होता तो आज कॅमेऱ्याचा होतो. क्रमांकावर न जाता पोर्टच्या नावावर ओळख बांधा आणि स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला वर्णन लिहा: ‘फायबर राउटर’, ‘कॅमेरा रेकॉर्डर’, ‘रोखपाल’.

सगळे पोर्ट मोजायची हौस आवरा. २४ पोर्ट, प्रत्येकाचे सहा आकडे, दर मिनिटाला: म्हणजे सेकंदाला २.४ आकडे, दहा शाखांचे २४. एका आकड्याला डेटाबेसमध्ये ९० बाइट धरले तर ३१ दिवसांत सुमारे ५.८ जीबी, आणि त्यातला बहुतांश डेटा कोणी कधी उघडणार नाही. राउटरकडे जाणारा पोर्ट आणि रेकॉर्डरचा पोर्ट मिनिटाला मोजा. बाकीच्यांचे फक्त एरर मोजक, तेही दहा मिनिटांनी. किनाऱ्याजवळच्या शाखांत खाऱ्या हवेने जोडणीच्या टोकांवर गंज चढतो आणि तो सगळ्यात आधी या एरर मोजकातच दिसतो.

लाइट गेली की फायबर तुटली?

मोठ्या यूपीएसमध्ये नेटवर्क कार्ड असतं, ते एसएनएमपीवर बोलतं. त्यातले तीन आकडे मोलाचे: बॅटरीवर चालू होऊन किती सेकंद झाले, अंदाजे किती मिनिटं उरली आणि चार्ज किती टक्के. छोट्या यूपीएसला फक्त यूएसबी असते. ती प्रॉक्सीच्या संगणकाला जोडा आणि तिथे नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. त्यातून तेच आकडे मिळतात.

आता वाळपईची रात्र पुन्हा पाहू. १ वाजून ३८ मिनिटांनी वीज जाते. पुढच्याच मिनिटात पणजीत संदेश: ‘वाळपई बॅटरीवर, अंदाजे ३५ मिनिटं’. दोन वाजता: ‘१० मिनिटं उरली’. २ वाजून १० मिनिटांनी स्विच, राउटर, प्रॉक्सी सगळेच गप्प. कोणालाही उठवायचं कारण नाही. वीज आली की सगळं आपोआप उठेल आणि उठलं नाही तर अर्ध्या तासाने अलर्ट येईल. दुसऱ्या रात्री यूपीएसचा कसलाच संदेश नसताना प्रॉक्सी एकदम गप्प होतो. ती फायबर.

पण हे नीट चालायला एक प्लग योग्य जागी हवा. इंटरनेटवाल्याने भिंतीवर लावलेली ओएनटीची पांढरी पेटी, जिच्यात फायबर येऊन संपते, ती बहुतेक ठिकाणी साध्या सॉकेटवर असते, कारण ती लावायला आलेल्या माणसाला तेच जवळ सापडलं. मग वीज जाताच लाइनही जाते, यूपीएसवर राउटर आणि प्रॉक्सी आरामात चालू असतात, पण बॅटरीवर गेल्याचा संदेश पणजीला पोचत नाही आणि पणजीला वाटतं फायबर तुटली. प्रत्येक शाखेत जाऊन ओएनटीचा अडॅप्टर यूपीएसच्या सॉकेटवर आहे की नाही ते डोळ्यांनी पाहा. मॉनिटरिंगमधली सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

शाखेतलं कोणी फोनवर असेल तर ओएनटीवरचा एकच दिवा विचारा. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाही, तक्रार थेट फायबर तुटल्याची नोंदवा. ओएनटीच्या पानावर मिळालेल्या प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये दिसते. जीपॉनच्या (अनेक ग्राहकांना एकाच फायबरवर जोडणाऱ्या पद्धतीच्या) नेहमीच्या जोडणीत ती उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यान असायला हवी. हा आकडा कोरड्या दिवसांत टिपून ठेवा. ३ डीबी खाली गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला: कुठेतरी जोडात पाणी शिरलं आहे किंवा माडाची झावळी पडून तार वाकली आहे. लाइन तुटायच्या आधी तक्रार करता येते ती अशी.

शाखेत मोबाइल इंटरनेटची दुसरी लाइन असेल तर तिच्यावर वेगळी नजर ठेवा. फायबर असताना तिच्याकडे कोणी पाहत नाही. सिमचं रिचार्ज संपून दोन महिने झालेले असतात आणि हे कळतं ते फायबर तुटलेल्या दिवशी. राउटरला दोन्ही लाइनमधून स्वतंत्र पिंग करायला लावा आणि दोन्हींचे निकाल वेगवेगळे घ्या. सध्या कोणती लाइन चालू आहे हाही आकडा हवा, कारण बोगदा दुसऱ्या लाइनवरून उभा असला तरी वरून सगळं हिरवंच दिसतं.

अलर्ट कमी, पण खरे

एक पिंग हुकला म्हणून कोणाला उठवू नका. मिनिटाला एक पिंग, लागोपाठ तीन हुकले तर अलर्ट. पाच मिनिटं सतत २० टक्क्यांहून जास्त पाकिटं हरवत असतील तर इशारा. उत्तराच्या वेळेची मर्यादा साच्यात ०.१५ सेकंद असते. मोबाइल लाइनवर ती ०.३ करा, नाहीतर रोज संध्याकाळी तीच ओरड.

अवलंबित्व नीट लावा. राउटर गेला की स्विच, रेकॉर्डर, यूपीएस यांचे अलर्ट दबले पाहिजेत. इथे वेळेची एक गोम आहे. दोघांनाही तीन पिंगांचा नियम लावला आणि स्विचची चाचणी राउटरच्या आधी झाली, तर स्विचचा अलर्ट आधी सुटतो, दाबणारा मागून येतो. म्हणून वरच्याला तीन आणि खालच्यांना पाच. चढण्याचा आणि उतरण्याचा उंबरठाही वेगळा ठेवा: डिस्क ९० टक्क्यांवर ओरड, ८५ खाली आली की शांत. एकच आकडा ठेवला तर ८९ आणि ९० मध्ये हेलकावणारी डिस्क रात्रभर संदेश पाठवत राहते.

रात्री फोन वाजवणारे अलर्ट बोटांवर मोजण्याइतके असावेत. दिवाडी बेटावरच्या शाखेतला रेकॉर्डर रात्री एक वाजता बंद पडला तर फेरीबोट गाठून कोणी जाणार आहे का? नसेल, तर तो अलर्ट सकाळी आठला जाऊ दे.

व्हीएम होस्ट: पिंग हिरवा, आत गुदमर

होस्टवर नजर ठेवणं हे वेगळंच प्रकरण आहे. स्विच एक तर चालतो किंवा बंद असतो. होस्ट मात्र पिंगला मिलिसेकंदात उत्तर देत असतो आणि त्याच वेळी त्याच्यावरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर एकेका पावतीला अर्धा मिनिट घेत असतं. शाखांतून फोन येतात ‘नेट स्लो आहे’. नेट बिचारं ठीक असतं.

आधी जोडणी. व्हीएमवेअर, प्रॉक्समॉक्स आणि हायपर-व्ही ही होस्टवर व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअरं. व्हीएमवेअर असेल तर व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणाऱ्या त्याच्या भागात) फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता करा, सगळ्यात वरच्या पातळीवर, खालपर्यंत लागू होईल असा. झॅबिक्स सर्व्हरच्या फाइलमध्ये ‘स्टार्ट व्हीएमवेअर कलेक्टर्स’ हा आकडा मुळात शून्य असतो. तो न वाढवता साचा लावला तर काहीच येत नाही. एक व्हीसेंटर असेल तर २ ठेवा. व्हीएमवेअरची कॅश मुळात ८ एमबी असते. व्हीएम वाढल्या की ती भरते आणि आकडे यायचे थांबतात. आधीच ३२ करून ठेवा. प्रॉक्समॉक्स असेल तर ८००६ पोर्टवर टोकन (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) घेऊन विचारायचं. टोकन बनवताना अधिकार वेगळे ठेवण्याची खूण आपोआप लागलेली असते, त्यामुळे ‘पीव्हीई ऑडिटर’ ही भूमिका वापरकर्त्याला आणि टोकनला, दोघांनाही द्यावी लागते. एकालाच दिली तर जोडणी होते पण यादी रिकामी येते. हायपर-व्हीवर होस्टचा टास्क मॅनेजर पाहून निष्कर्ष काढू नका, तो फक्त होस्टच्या स्वतःच्या विंडोजचा सीपीयू दाखवतो, व्हीएमचा नाही. हायपरव्हायझरच्या (व्हीएम चालवणाऱ्या थराच्या) लॉजिकल प्रोसेसरचा ‘टोटल रन टाइम’ घ्या.

आता सगळ्यात उपयोगी आकडा: सीपीयू रेडी. व्हीएमला काम करायचं आहे, पण होस्टकडे मोकळा कोर नाही म्हणून ती रांगेत उभी आहे, त्या रांगेतला वेळ. व्हीसेंटर तो मिलिसेकंदात देतं आणि चालू आलेखात एक नमुना २० सेकंदांचा, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांचा असतो. समजा हिशेबाच्या व्हीएमला चार व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आहेत आणि रेडी ८,००० आला. ८,००० भागिले २०,००० म्हणजे ४० टक्के. चार व्हीसीपीयूंत वाटला तर प्रत्येकी १० टक्के. ५ च्या खाली असेल तर चिंता नको, ५ ते १० मध्ये लक्ष ठेवा, १० ला लोकांचे फोन सुरू होतात. कालच्या आलेखात मात्र नमुना ३०० सेकंदांचा असतो. तिथे २०,००० ने भागलंत तर उत्तर पंधरापट मोठं येतं आणि विनाकारण घबराट होते.

रेडी वाढल्यावर पहिली ओढ असते व्हीसीपीयू वाढवण्याची. बहुतेक वेळा करायचं उलट असतं. दोन व्हीसीपीयूंत भागणाऱ्या व्हीएमला कोणीतरी आठ देऊन ठेवलेले असतात आणि त्या आठांना जागा देता देता बाकीच्या रांगेत जातात. ते कमी केले की सगळ्यांचा रेडी उतरतो. केव्हीएम (लिनक्समधलीच व्हीएम चालवण्याची सोय) आणि प्रॉक्समॉक्सवर हीच गोष्ट लिनक्स व्हीएमच्या आतून ‘स्टील’ या आकड्यात दिसते.

मेमरीत ‘किती वापरली’ यावर अलर्ट लावू नका, ती बहुतेकदा भरलेलीच दिसते. व्हीएमवेअरवर बलून (होस्टने व्हीएमकडून परत मागून घेतलेली मेमरी) शून्याहून सतत वर असेल तर होस्टला मेमरी कमी पडते आहे. स्वॅपचा (मेमरीतून डिस्कवर हलवलेल्या भागाचा) एकूण आकडा जुनाही असू शकतो, म्हणून स्वॅपमधून परत वाचण्याचा वेग पाहा. तो शून्याच्या वर गेला की वापरणाऱ्यांना जाणवतंच.

साठवणीच्या जागेत स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) हा खरा चोर. बॅकअप रात्री स्नॅपशॉट घेतो, काम झाल्यावर पुसायला हवा, कधीतरी पुसला जात नाही. मग मूळ डिस्क गोठते आणि नवं लिखाण वेगळ्या फाइलीत साचत जातं. तीन आठवड्यांनी डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवण्याची जागा) भरतं आणि त्याच्यावरच्या व्हीएम एकदम थांबतात. ७२ तासांहून जुना स्नॅपशॉट दिसला की इशारा, हा नियम लावल्याशिवाय राहू नका. प्रॉक्समॉक्सवर एलव्हीएम-थिन (लागेल तशी जागा वाटणारी साठवण) असेल तर डेटा आणि मेटाडेटा (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद) असे दोन वेगळे टक्के असतात. डेटा ६० टक्के असताना मेटाडेटा १०० झाला तरी तोच अनर्थ. दोन्हींवर ८० ला इशारा, ९० ला ओरड.

डिस्कच्या उत्तराचा वेळ २० मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला तर आरएआयडीकडे (एक डिस्क मेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क जोडणाऱ्या रचनेकडे) पाहा. एक डिस्क मेली तरी होस्ट चालू राहतो, पिंग हिरवा राहतो, आणि दुसरी डिस्क मरेपर्यंत कोणालाच पत्ता नसतो. ही बातमी देतो तो सर्व्हरमधला वेगळा देखरेख-चिप, आयडीरॅक किंवा आयएलओ. त्याला स्वतःचा पत्ता आणि स्वतःची केबल द्या. डिस्क, पंखे, तापमान, दोन्ही पॉवर सप्लाय, एवढं त्याच्याकडून घ्या. होस्ट पूर्ण झोपला तरी हा जागा असतो, म्हणून ‘होस्ट बंद’ आणि ‘होस्टला वीजच नाही’ यांतला फरकही तोच सांगतो.

वीज जाऊन आल्यावर होस्ट उठतो, व्हीएम उठत नाहीत, ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. प्रॉक्समॉक्सवर ‘बूटच्या वेळी सुरू’ ही खूण प्रत्येक व्हीएमला वेगळी लावावी लागते. ईएसएक्सआयवर, म्हणजे व्हीएमवेअरच्या होस्टवर, ऑटोस्टार्ट मुळात बंद असतो. डीएनएसची व्हीएम सगळ्यात आधी, मग डेटाबेस, मग बाकीच्या, असा क्रम द्या. ‘ही व्हीएम चालू असायलाच हवी’ अशी यादी करून तिच्यावर अलर्ट लावा.

राखणदारावर नजर कोणाची?

झॅबिक्स सर्व्हर त्याच दोन होस्टपैकी एकावर व्हीएम म्हणून ठेवला, तर तो होस्ट पडताच ओरडणाराही पडतो. पडदा मग लाल होत नाही, आहे तिथेच गोठतो. जमेल तर सर्व्हरला वेगळं छोटं यंत्र द्या. नाहीच जमलं तर शाखेतल्या एखाद्या प्रॉक्सीच्या संगणकावर, समजा म्हापशाच्या, पाच ओळींची स्क्रिप्ट ठेवा: दर पाच मिनिटांनी पणजीच्या सर्व्हरच्या १००५१ पोर्टला हाक मारायची, लागोपाठ तीनदा उत्तर नाही आलं तर मोबाइल डोंगलवरून एसएमएस. डोंगल म्हणायचं कारण हे, की पणजीची इंटरनेट लाइनच गेली असेल तर ईमेल आणि टेलिग्रामचे अलर्ट त्याच लाइनच्या दारात अडकून पडतात.

पायाभूत चाचण्या नावावर न ठेवता पत्त्यावर ठेवा. डीएनएसची व्हीएम पडली की नावाने शोधणाऱ्या सगळ्या चाचण्या एकदम नापास होतात आणि खरा दोषी गर्दीत हरवतो. सगळ्या यंत्रांची घड्याळं एकाच एनटीपी (वेळ जुळवून देणाऱ्या) सर्व्हरला बांधा. शाखेचं घड्याळ सात मिनिटं मागे असेल तर ‘वीज आधी गेली की लाइन?’ याचं उत्तर उलटं येईल.

पावसाआधीची चाचणी

मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवायच्या जिनसांची, खरेदी चालू असते, तेव्हाच हे काम उरका. दर शाखेला अर्धा तास लागतो. शाखेतल्या माणसाला आधी सांगून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. दोन मिनिटांत ‘बॅटरीवर’ हा संदेश पणजीत यायला हवा. प्लग काढलेलाच ठेवा आणि यूपीएस सांगतो तेवढी मिनिटं खरंच चालतो का ते घड्याळ लावून मोजा. शिसे-आम्लाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते, पण सांगताना ती जुनाच आकडा सांगत राहते. ३५ म्हणणारा यूपीएस १२ मिनिटांत बसला तर बॅटरी आताच बदला, जूनमध्ये नाही.

मग वीज देऊन ओएनटीची फायबर काढा. पणजीत फक्त एकच अलर्ट यायला हवा: प्रॉक्सी गप्प. चार आले तर अवलंबित्व चुकलं आहे. दहा मिनिटांनी फायबर लावा आणि मधल्या दहा मिनिटांचे आकडे आलेखात भरून आले का ते पाहा. नंतर स्विचचा प्लग काढा, पण त्याआधी प्रॉक्सीची केबल सरळ राउटरला लावलेली आहे ना ते बघून घ्या. ती स्विचमधून जात असेल तर स्विच मेल्यावर प्रॉक्सीही गप्प होईल आणि पणजीला लाइन गेल्यासारखंच दिसेल. या चाचणीत सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच, आणि ती दुरुस्त करायला लागते फक्त एक हातभर केबल.

पणजीत शेवटी दोन गोष्टी: एक बिनमहत्त्वाची व्हीएम हाताने बंद करून तिचा अलर्ट येतो का पाहायचा आणि झॅबिक्सची सेवा वीस मिनिटं थांबवून म्हापशाहून एसएमएस येतो का याची वाट पाहायची. तो आला नाही तर आधी डोंगलमधलं सिम तपासा.